शनवार तेल्यांची मराठी

नागपूरकरांना 'तेली' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जगनाडे चौक तर आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातला. पण 'शनवार तेली' म्हणजे कोण असे विचारले, तर इतवारीतले एखादे जुने दुकानदारही विचारात पडतील. कारण हे तेली विदर्भातले नव्हेत, कोकणातले. पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग, पेण, रोहा या भागांत त्यांचे घाणे होते. इतर तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते सोमवार तेली. हे शनिवारी बैल सोडीत, म्हणून शनवार तेली. शेजाऱ्यांनी पाहिले, नाव दिले आणि ते आपापल्या कामाला लागले. शनिवारच का, याची फारशी चौकशी कोणी केली नाही.

शनिवार एवढ्यासाठी की, हे लोक यहुदी होते. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा सातवा दिवस, देवाने विश्रांतीसाठी राखून ठेवला आहे ही त्यांची श्रद्धा. ते स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणवतात. इस्राएलची लेकरे, असा त्याचा अर्थ. आणि त्यांची मातृभाषा मराठी.

आज हा विषय बोलायला का घ्यावा? तर 'यहुदी' हा शब्द आपल्या घरात अलीकडे फक्त टीव्हीच्या बातम्यांतून येतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हमासने इस्राएलवर हल्ला केला, त्यानंतर गाझामध्ये जे झाले ते साऱ्या जगाने पाहिले. तेव्हापासून मोमिनपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवर आणि धरमपेठेतल्या सकाळच्या फिरण्यात या विषयावर सारख्याच तावातावाने बोलले जाते. फक्त बाजू बदलतात. गंमत अशी की, या दोन्ही ठिकाणच्या बहुतेकांना मराठी बोलणारा यहुदी या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे, याची कल्पनाच नसते. धर्म कोणता, देश कोणता, भाषा कोणती आणि माणूस नेमका कुठला, हे जे प्रश्न आपण आज मोठ्या आवाजात विचारतो, ते या छोट्याशा समाजाला फार पूर्वीपासून विचारले गेले आहेत. त्यांनी ते कसे पेलले, हे पाहण्यासारखे आहे.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरले. तिथे आज त्यांचे स्मारक आहे. इतिहासकारांमध्ये या काळाबद्दल एकमत नाही. काही जण हे आगमन बरेच नंतरचे मानतात. पण एवढे नक्की की, हे लोक जगातल्या इतर यहुद्यांपासून शेकडो वर्षे तुटलेले होते. धर्मग्रंथ त्यांच्याजवळ उरले नव्हते, हिब्रू भाषा विसरली होती. उरले होते ते चार-पाच आचार. शनिवार पाळणे, मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणे, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. तिचे सुरुवातीचे शब्द त्यांना पाठ होते. लग्न असो, सुंता असो की मयत, प्रत्येक प्रसंगी तेच शब्द म्हणायचे. तेवढ्या धाग्यावर त्यांनी धर्म टिकवला.

बाकी सगळे आयुष्य मराठी झाले. गावावरून आडनावे पडली. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर. बायबलमधल्या नावांना 'जी' लागला. शमुएलचा समाजी झाला, अब्राहमचा अबाजी, मोशेचा मुसाजी, दावीदचा दाऊदजी. मुलीच्या लग्नात मेंदी आली, गळ्यात मंगळसूत्र आले. सणांची हिब्रू नावे विसरली होती, म्हणून त्यांनी सणांना घरचीच नावे दिली. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. पापक्षालनाच्या मोठ्या उपवासाच्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, म्हणून तो 'दारफळणीचा सण'. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या दिवसाचा उपवास बिरड्याने सोडायचा, म्हणून तो 'बिरड्याचा रोजा'. पुरीम साधारण होळीच्या दिवसांत येतो, म्हणून तो चक्क 'होळीचा सण'.

या यादीतला 'रोजा' हा शब्द तुमच्या कानाला लागला असेल. माझ्याही लागला. बेने इस्राएलांच्या जुन्या शब्दांकडे मी ओढला गेलो तो याच शब्दांमुळे. वर्षारंभाच्या आधीच्या महिन्यातल्या उपवासांना ते 'रमजान' म्हणत. त्यांचे धर्मकार्य पाहणाऱ्याला 'काजी' म्हणत. आणि प्रार्थनागृहाला, म्हणजे सिनेगॉगला, म्हणत 'मशीद'. मुंबईत मांडवी भागात १७९६ मध्ये त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. ते ज्या रस्त्यावर आहे त्याला सॅम्युअल स्ट्रीट म्हणतात, आणि जवळच्या 'मस्जिद' या रेल्वे स्टेशनाचे नाव या सिनेगॉगवरूनच पडले असे सांगितले जाते. इकडे पुण्याच्या कॅम्पात डेव्हिड ससून यांनी बांधलेले लाल विटांचे सिनेगॉग आहे. त्याला पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात. म्हणजे पाहा, यहुद्यांचे प्रार्थनास्थळ मुंबईत मशीद झाले आणि पुण्यात देऊळ. नाव ठेवणाऱ्याने आपल्या ओळखीचा, आदराचा शब्द काढून दिला. कोणाचा धर्म त्यामुळे बाटला नाही.

तसाच तिसरा शब्द 'मलिदा'. आमच्याकडे फातिहाला मलिदा करतात. बेने इस्राएल पैगंबर एलियाहू यांच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि वर फळे. नवस फेडताना, लग्नाच्या आधी, नव्या घरात गेल्यावर. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूंच्या रथाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. इतर देशांतल्या यहुद्यांना हा मलिदा माहीत नाही. तो कोकणातलाच.

पहिल्या सिनेगॉगची कथाही सांगण्याजोगी आहे. समाजी हसाजी दिवेकर, ज्यांना सॅम्युअल इझिकेल म्हणूनही ओळखतात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. आख्यायिका अशी की, सुलतानाच्या आईने त्यांना जात विचारली. 'बेने इस्राएल' हे उत्तर ऐकून ती म्हणाली, या लोकांचा उल्लेख कुराणात आहे, यांना मारू नका. कुराणात 'बनी इस्राईल' हा शब्द वारंवार येतो आणि सतराव्या सूरेला त्या नावानेही ओळखतात, हे खरेच आहे. सुटून आलेल्या दिवेकरांनी मग नवस म्हणून सिनेगॉग बांधले. आख्यायिकेत किती तथ्य, हा प्रश्न बाजूला ठेवू. एका यहुदी समाजाने आपल्या पहिल्या प्रार्थनागृहाच्या कथेत एका मुस्लीम आईला मानाची जागा दिली आणि ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, हे मला मोलाचे वाटते.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. बायबलही मराठीत आले. मिशनऱ्यांचा हेतू ख्रिस्ती करण्याचा होता. झाले उलटेच. बेने इस्राएल ख्रिस्ती झाले नाहीत, पण मराठीच्या वाटेने आपल्याच विसरलेल्या धर्मग्रंथांपर्यंत पोहोचले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची 'हगादा' मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास कीर्तनेही सुरू झाली. निरूपण, पदे, ओव्या सगळे मराठी थाटाचे, आख्यान मात्र योसेफाचे किंवा मोशेचे. धर्म दूरचा, पण तो समजून घेण्याची भाषा अंगणातली. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला, तो याच परंपरेतला.

हे सगळे ऐकून कोणाला वाटेल की, चला, सारे कसे गोड होते. तसे नव्हते. भेद होतेच. मुंबईत बगदादहून श्रीमंत यहुदी व्यापारी आले. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास आले. सुरुवातीला नवागतांनी बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना केली. पण हे मराठी बोलणारे, साडी नेसणारे लोक खरे यहुदी आहेत का, ही शंका त्यांना छळू लागली. १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, दफनभूमीत त्यांच्या आणि आमच्या कबरींमध्ये भिंत असावी. खुद्द बेने इस्राएलांमध्येही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. बाहेरच्या समाजाशी लग्ने झालेल्यांची संतती ती काळी. जात नावाची गोष्ट आपल्या मातीत इतकी मुरलेली आहे की, जातच न मानणारे धर्म घेऊन आलेल्यांनाही ती चिकटते. आम्हा मुसलमानांना चिकटली, यहुद्यांनाही चिकटली.

मग राजकारण आले. १८९७ मध्ये बाझेल इथे पहिली जागतिक झायोनिस्ट परिषद भरली. यहुद्यांना स्वतःची मायभूमी मिळावी यासाठीची ही चळवळ. बेने इस्राएलांना निमंत्रण होते, ते त्यांनी नाकारले. जेरुसलेमला परत नेणे हे देवाचे काम, माणसांच्या सभेचे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे पन्नास वर्षांत जग उलटेपालटे झाले. युरोपात साठ लाख यहुदी मारले गेले. १९४८ मध्ये इस्राएल हे राष्ट्र झाले. भारताने १९४७ मध्ये पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत दिले होते, १९५० मध्ये इस्राएलला मान्यता दिली, पूर्ण राजनैतिक संबंध मात्र १९९२ मध्ये जोडले. या काळात भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. त्यांतले बहुतेक हळूहळू इस्राएलला गेले. कोणी हाकलले म्हणून नव्हे. काही श्रद्धेने गेले, काही नोकरीधंद्यासाठी, काही आधी गेलेल्या नातेवाइकांमागे.

तिथे काय झाले, ते या साऱ्या गोष्टीचे मर्म आहे. सुरुवातीचे दिवस इतके कठीण गेले की, १९५१-५२ मध्ये काही जणांनी 'आम्हाला भारतात परत पाठवा' म्हणून धरणे धरले आणि काही कुटुंबे खरोखरच परत आली. त्यांतली बरीचशी पुढे पुन्हा इस्राएलला गेली, तो भाग वेगळा. खरा घाव नंतर बसला. इस्राएलमध्ये यहुद्यांची लग्ने धर्मपीठामार्फत होतात. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की, बेने इस्राएलांपैकी कोणी इतर यहुद्यांशी लग्न करू इच्छित असेल, तर त्याच्या आईबापांची, आजीआजोबांची आणि शक्य तितकी मागची चौकशी करावी. शंका दोन होत्या. एक, यांचे पूर्वज घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे घेत होते का? दुसरी, अपत्य नसलेल्या विधवेबाबत यहुदी शास्त्राचा जो विधी आहे तो पाळत होते का? आता कोकणातल्या खेड्यात ते शास्त्र कोण सांगणार होते? विधवेच्या बाबतीत तर त्यांनी शेजारच्या हिंदूंची रीत उचलली होती. विधवेने पुन्हा लग्न करायचे नाही. म्हणजे ज्या शेजाराने त्यांना शेकडो वर्षे सुखाने राहू दिले, त्या शेजाराच्या रीतीच आता त्यांच्या धर्मावरचा डाग ठरल्या.

विचार करा. कोकणात ज्यांना यहुदी म्हणूनच ओळखले, ते यहुद्यांच्या देशात गेल्यावर 'तुम्ही पूर्ण यहुदी आहात का' हा प्रश्न समोर उभा राहिला. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये धरणे आणि निदर्शने केली. उपोषण, सत्याग्रह ही हत्यारे त्यांनी कुठे पाहिली होती, ते सांगायला नको. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेने ठराव केला की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत आणि त्यांच्यात व इतरांत काही फरक नाही. महिनाअखेर धर्मपीठानेही आदेशातून त्यांचे नाव काढले.

हा इतिहास वाचताना मी थांबलो, त्याला कारण आहे. मी कविता मराठीत लिहितो. कार्यक्रम संपला की कोणीतरी प्रेमाने हात हातात घेऊन म्हणते, 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते, मला त्याबद्दल राग नाही. पण कुलकर्ण्यांना किंवा देशमुखांना असे कोणी म्हणत नाही. आणि आमच्या मोहल्ल्यातले एखादे बुजुर्ग विचारतात, 'मियाँ, उर्दूत का नाही लिहीत?' एकाला माझी भाषा नवलाची वाटते, दुसऱ्याला परकी. दोघेही चांगले आहेत. दोघेही नकळत दाखला मागत असतात. बेने इस्राएलांकडे बगदादी व्यापाऱ्यांनी जो मागितला, धर्मपीठाने जो मागितला, त्याच जातीचा हा दाखला. आणि तो दाखला कधीच पुरा पडत नाही. आजोबांचा दिला की पणजोबांचा मागतात.

आज भारतात बेने इस्राएल चार-पाच हजारच उरले आहेत, बहुतेक मुंबई-ठाणे भागात. त्यांनी या राज्याला काय दिले? डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले, त्यांच्या नावाचा रस्ता आहे. डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा हॉस्पिटलमध्ये हयात घालवली, त्यांना पद्मश्री मिळाली. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या लेखणीतला. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा डेव्हिड, ते चेऊलकर. इंग्रजीत लिहिणारे कवी निसिम इझिकेल यांनी इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजीत नेल्या. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. त्याआधी सरकारी कागदांवर ते बहुधा 'इतर' या रकान्यात जात. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत आज बहुसंख्य मुले मुस्लीम आहेत.

तिकडे इस्राएलमध्ये डिमोना, अश्दोद, लोद या गावांत मराठी बोलणारी घरे आहेत. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तिथे १९८० च्या दशकात सुरू झाले. ज्यांना आईच्या भाषेपायी अपूर्ण म्हटले गेले, त्यांनी नियतकालिकाचे नाव ठेवले 'मायबोली'. यावर मी वेगळे काय बोलू?

एक कडू आठवणही टाळता येणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाउसमधल्या यहुदी केंद्रात रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि आणखी चार जण मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल यांनी उचलून बाहेर नेले. मारणारे इस्लामचे नाव घेऊन आले होते. मुंबईतल्या मुस्लीम संस्थांनी त्या नऊ मृत दहशतवाद्यांना कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला. मयताला माती देणे हे आमच्यात मोठे कर्तव्य आहे, म्हणून त्या नकाराचे वजन समजून घ्यावे. वर्षभराहून अधिक काळ ते मृतदेह शवागारात पडून होते.

आता आजच्या प्रश्नाकडे. गाझामधल्या मुलांची चित्रे पाहून माझा जीव तुटतो, आणि हे मी उघड बोलतो. ऑक्टोबरच्या त्या दिवशी मारल्या गेलेल्या, ओलीस नेलेल्या माणसांसाठीही तुटतो. पण एखाद्या सरकारने काय केले याचा जाब अलिबागच्या किंवा ठाण्याच्या यहुद्याला विचारायचा मला अधिकार नाही. दूर कुठे कोणी काय केले याचा जाब मोमिनपुऱ्यातल्या माणसाला विचारला की आम्हाला वाईट वाटते ना? मग तेच माप दुसऱ्यालाही लावले पाहिजे. श्रद्धेची दिशा एक असू शकते आणि घराची दुसरी. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून होते, मक्केकडे तोंड करून होते. भांडण, अंगाई आणि हिशेब मराठीतच होतो. एका माणसात या दोन गोष्टी नांदू शकतात, हे शनवार तेल्यांनी शेकडो वर्षे जगून दाखवले आहे.

अलिबागला समुद्र पाहायला आपल्यापैकी पुष्कळ जण जातात. तिथे गावात 'इस्राएल आळी' आहे, १८४८ चे सिनेगॉग आहे. किल्ला पाहून झाला की तिकडे एक फेरी मारावी. आणि पुढच्या वेळी टीव्हीवर 'यहुदी' हा शब्द ऐकू आला, तर बाजू घेण्याआधी ती आळी आठवावी. एवढे झाले तरी हे बोलणे कारणी लागले, असे मी समजेन.